न दिसणारे दुखणे आणि त्याचे शिक्षण



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगारवाढ, बोनस किंवा टाळेबंदी ह्यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही अंगदुखीवर बोलणार आहोत. ‘ह्यांना डॉक्टर कोणी केले?’ असे काहींच्या मनात आले असेल. कोणी केलेले नाही. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात झाले आणि कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. तेव्हा कोणते औषध घ्यावे, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही व तो आम्ही घेणारही नाही. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती ज्ञान चार भिंतींतून बाहेर यावे म्हणून. आपल्या शरीराविषयीचे ज्ञान हेही ज्ञानच आहे, आणि ते ज्याच्या शरीरात दुखते त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते, हा आमचा अनुभव आहे. त्या अनुभवाच्या बळावर आम्ही येथे उभे आहोत.

हा गंगापूर रोड अशोकस्तंभापाशी सुरू होतो, महाविद्यालये आणि बंगले ओलांडून आनंदवली, सोमेश्वर असे करीत धरणाकडे जातो. सकाळी साडेसहा-सातला ह्या रस्त्यावर बायकांची रीघ दिसते. कोणी चार घरी भांडी करते, कोणी सहा घरी फरशी पुसते, कोणी दोन घरी स्वयंपाक करून तिसऱ्या घरी आजीबाईंना अंघोळ घालते. ह्या भगिनी आमच्या कचेरीत येतात त्या बहुधा थकलेल्या पगारासाठी किंवा अचानक सुटलेल्या कामासाठी. पण बोलता बोलता दुसरीच गोष्ट निघते. ‘भाऊ, काम का सुटलं म्हणता? अंग उचलत नव्हतं. दोन दिवस गेले नाही, तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी बाई लावली.’

अंग उचलत नव्हते म्हणजे काय? ह्या बायकांची भाषा डॉक्टरांच्या भाषेपेक्षा श्रीमंत आहे. एकीचे अंग ठणकते, दुसरीचे आंबून जाते, तिसरीचे मोडून येते. कोणाच्या पाठीत सणक भरते, कोणाच्या दंडातून कळ उतरते, कोणाच्या पायाला मुंग्या येतात, कोणाला सारखी कसर वाटते. ‘रात्रभर झोपले, पण उठताना वाटतं की रात्रभर उखळात घालून कांडलं,’ असे एका भगिनीने सांगितले. तिच्याजवळ एक पिशवी होती. पिशवीत मणक्याचे तीन एक्स-रे, गुडघ्याचे दोन, रक्ताचे पाच-सहा रिपोर्ट. सगळे चांगले. शेवटच्या डॉक्टरांनी, त्यांचे नाव येथे नको, तिला म्हटले, ‘तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत.’ घरी सासू म्हणाली, नाटक. मालकीण म्हणाली, आळस. आणि त्या बाईने पिशवी आमच्या टेबलावर ठेवून विचारले, ‘मग हे दुखतं ते कोणाचं दुखतं?’

आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे हा प्रश्न होय.

प्रथम नावाविषयी. असे सर्वांगी, महिनोन्‌महिने टिकणारे दुखणे, त्याबरोबर थकवा, झोपेतून ताजेतवाने न उठणे, विसराळूपणा, डोके जड होणे, ह्या सगळ्याला वैद्यकात फायब्रोमायाल्जिया म्हणतात. नाव अवघड आहे, पण न्यूमोनिया आणि थायरॉईड हे शब्द आपल्या आजीने पचवले, तसा हाही पचेल. १९०४ साली विल्यम गॉवर्स ह्या इंग्रज वैद्याने अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ हे नाव दिले. स्नायूंच्या तंतूंना सूज येत असावी, हा त्यांचा तर्क होता. पुढे शोधले तेव्हा सूज सापडली नाही. म्हणून १९७६ साली नाव बदलून फायब्रोमायाल्जिया झाले, म्हणजे नुसते तंतूंचे आणि स्नायूंचे दुखणे. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने कसोट्या ठरविल्या: तीन महिन्यांहून अधिक काळ शरीराच्या सर्व भागांत दुखणे, आणि ठरलेल्या १८ जागांपैकी ११ जागा दाबल्यावर दुखणे. २०१० साली ह्या जागा मोजण्याची पद्धत मागे पडली. शरीराच्या १९ भागांपैकी किती दुखतात, थकवा किती, झोप कशी, स्मरण कसे, हे रुग्णाला विचारून ठरवावे असे आले. म्हणजे बोट दाबणाऱ्या डॉक्टरापेक्षा सांगणाऱ्या रुग्णाचे महत्त्व वाढले. आम्हांला ही मोठी लोकशाही सुधारणा वाटते.

आता, एक्स-रे चांगला असताना दुखते कसे? आपल्या घराबाहेर चोर आला की वाजणारी घंटा लावली आहे, असे समजा. ती घंटा बिघडली आणि मांजर आले तरी वाजू लागली. चोर नाही हे खरे. परंतु घंटा वाजत नाही असे कोणी म्हणेल काय? फायब्रोमायाल्जियात मज्जारज्जू आणि मेंदू ह्यांच्यातील वेदनेची यंत्रणा अशी हळवी झालेली असते. हाडाचा फोटो काढला तर हाड चांगलेच दिसणार, कारण बिघाड हाडात नाही. २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्याच वेळी त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. निरोगी माणसाला जेवढ्या दाबाने काहीच विशेष वाटले नाही, तेवढ्याच दाबाने रुग्णांच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे जागी झाली. सोंग करणारा माणूस चेहरा वाकडा करील. मेंदूचे चित्र कसे वाकडे करील?

आणखी एक प्रयोग झोपेचा आहे. १९७०-८० च्या दशकात टोरोंटो येथे मोल्डॉफ्स्की नावाच्या वैद्याने धडधाकट तरुणांना झोपू दिले. पण गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडायची, असे काही रात्री केले. तरुणांचे अंग दुखू लागले, त्यांना थकवा आला. आता विचार करा. जिच्या वस्तीत नळाला पाणी पहाटे चारला येते, जिचा नवरा रात्री बाराला दार वाजवतो, जिचे तान्हे मूल दोनदा उठते, तिच्या गाढ झोपेचा प्रयोग कोण करीत आहे? तिच्या दुखण्याला मनाचे खेळ म्हणण्यापूर्वी तिच्या रात्रीचा हिशेब मागितला पाहिजे. ह्याचा अर्थ असा नाही की केवळ झोपेमुळे हा आजार होतो. कधी तापानंतर, कधी अपघातानंतर, कधी मोठ्या दुःखानंतर तो सुरू होतो. कधी कारण सापडतच नाही. तो स्त्रियांत अधिक आढळतो, पण सातपूर-अंबडच्या यंत्रावर उभा असलेला पुरुषही त्यातून सुटलेला नाही, आणि बंगल्यात राहणारी मालकीणही नाही. शंभर माणसांत दोन ते चारांना हा आजार असतो, असा जगभरचा अंदाज आहे.

हे सगळे परदेशचे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून भिगवणचे उदाहरण घ्या. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या पाण्याकाठी हे गाव आहे. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी ह्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेखाली तेथे घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. त्यासाठी गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून तयार केले. ४,०९२ प्रौढ माणसांना विचारले, त्यांपैकी ७४६ जणांना असे दुखणे निघाले; म्हणजे शेकडा १८. ज्याला आपण खरा संधिवात म्हणतो, ज्यात बोटे वाकडी होतात, तो शेकडा एकालाही नव्हता. बाकीच्यांत कोणाचे सांधे झिजलेले होते, कोणाच्या स्नायूंचे दुखणे होते, आणि पुष्कळांचे दुखणे कोणत्याच ठरीव नावात बसत नव्हते. म्हणजे न दिसणारे दुखणे ही शहरी सुखवस्तू माणसांची हौस आहे, ही समजूत भिगवणने खोटी पाडली. आम्हांला त्या पाहणीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. घरोघर गेले ते गावचे लोक होते. दुखण्याविषयी विचारायला आणि सांगायला पदवी लागतेच असे नाही, शिक्षण मात्र लागते.

येथून आम्ही रुग्णाच्या शिक्षणाकडे वळतो.

मधुमेह किंवा रक्तदाब हा जसा एका इंजेक्शनाने जात नाही, तसा हा आजारही जात नाही. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, असे आपण म्हणतो. हे दुखणे कित्येकदा पूर्ण जातच नाही, मुक्कामाला राहते. अशा पाहुण्याबरोबर संसार कसा करावयाचा, हे शिकावे लागते. डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटे भेटतो. उरलेला महिनाभर रुग्णाचा डॉक्टर रुग्णच असतो. मग त्याला त्या कामाचे शिक्षण नको काय? युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली फायब्रोमायाल्जियाच्या उपचाराचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत पहिली पायरी आहे रुग्णाला आजार समजावून सांगणे. औषधे नंतर. आणि जी एकच गोष्ट त्यांनी जोर देऊन, निःशंकपणे सांगितली ती म्हणजे व्यायाम.

परंतु समजावणे आणि उपदेश करणे ह्यांत फरक आहे. ‘ताण घेऊ नका, विश्रांती घ्या, सकस आहार घ्या’ हा उपदेश झाला. पाच घरी राबणाऱ्या बाईला तो सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. शिक्षण कसे असते ह्याचा एक चांगला नमुना अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग ह्या परिचारिकेने घालून दिला. १९७९ च्या सुमारास त्यांनी सांधेदुखीच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग तयार केला. आठवड्यातून एकदा, सुमारे दोन तास. शिकविणारे डॉक्टर नव्हते. बहुतेक स्वतः दुखणेकरीच होते. पुढे लॉरिगबाईंनी तपासले की ज्यांना बरे वाटले त्यांना कशामुळे वाटले. किती माहिती पाठ झाली ह्यावर ते फारसे अवलंबून नव्हते. ‘ह्यात माझ्या हातात काही आहे’ असे ज्यांना वाटू लागले, त्यांचे दुखणे कमी झाले. हे वाचले तेव्हा आम्हांला युनियनची आठवण झाली. कायद्याची कलमे पाठ असल्याने कामगार उभा राहत नाही. दहा माणसे एकत्र बसून एक लहानशी मागणी पदरात पाडून घेतात, तेव्हा तो उभा राहतो.

आता ह्या वर्गात काय शिकायचे? आम्ही पाच धडे सांगतो. ते आमचे नव्हेत. तज्ज्ञांनी सांगितलेले आहेत, आम्ही फक्त नाशिकच्या भाषेत मांडतो.

पहिला धडा मोजण्याचा. गोदावरीला पूर आला की नाशिककर मापकयंत्राकडे बघत नाही, दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, ह्यावरून काय सावरायचे ते ठरते. दुखणेकऱ्याने असाच एक मारुती मनात उभा करावा. आज पाणी कुठवर आहे? सकाळी किती, संध्याकाळी किती, काल रात्री झोप कशी झाली, कोणते काम केल्यावर चढले? लिहिता येत असेल तर वहीत एक ओळ लिहावी. येत नसेल तर कॅलेंडरवर मुलाकडून खूण करून घ्यावी. दोन-तीन आठवड्यांत आपल्या पुराचे कारण आपल्यालाच दिसू लागते. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली म्हणजे दहा मिनिटांतली आठ मिनिटे वाचतात.

दुसरा धडा काम वाटून घेण्याचा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणारा मजूर मुकादमाकडून उचल घेतो, आणि मग हंगामभर ती फेडीत राहतो. ह्या दुखण्यात माणूस शरीराकडून उचल घेतो. एखादा दिवस बरा उगवला की राहिलेली सगळी कामे, गोधड्या धुणे, डबे घासणे, पाहुण्यांचा स्वयंपाक, एका दिवसात उरकतो. तो दिवस उचलीचा. पुढचे तीन दिवस अंथरुणात, ते फेडीचे. म्हणून बऱ्या दिवशी थोडे कमी आणि वाईट दिवशी थोडे तरी करावे. गंगापूर धरणाचे पाणी टप्प्याटप्प्याने सोडले तर खाली गोदाघाट शाबूत राहतो. एकदम सोडले तर काय होते ते आपण पाहिलेले आहे. अंगाचेही तसेच आहे. अर्धा तास भांडी, मग पाच मिनिटे बसून भाजी निवडणे, मग फरशी. दुखू लागल्यावर थांबण्यापेक्षा दुखण्याआधी घड्याळाकडे बघून थांबणे, हे ह्यातले मर्म आहे.

तिसरा धडा हालचालीचा. येथे बाया हसतात. ‘दिवसभर हालचालच करतो की! व्यायाम कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण राबणे आणि व्यायाम एक नव्हे. राबताना तेच चार स्नायू, तीच वाकलेली कंबर, दुसऱ्याने ठरविलेला वेग. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत विरळणी करणारी बाई दिवसभर हात वर धरते. विडी वळणारी सिन्नरची बाई मान खाली घालून बसते. व्यायामात सगळे अंग फिरते, वेग आपला असतो, आणि मन मोकळे असते. तो फार थोड्यापासून सुरू करावा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालणे, पुढच्या आठवड्यात सहा-सात. सुरुवातीला दुखणे किंचित वाढते. ते इजा झाल्यामुळे नव्हे, हळवी घंटा वाजल्यामुळे, हे आधी सांगून ठेवले म्हणजे माणूस घाबरून सोडून देत नाही. हेच शिक्षणाचे काम. एरवी दोन दिवसांत व्यायाम बंद पडतो आणि ‘मला सोसला नाही’ एवढेच उरते.

चौथा धडा झोपेचा आणि मनाचा. शक्य तितकी ठरल्या वेळी झोप, संध्याकाळनंतर चहा बंद, निजताना मोबाईल दूर. घरातले एक माणूस आठवड्यातून दोन पहाटे पाणी भरायला उठले तरी दोन रात्री सुटतात. आणि मन खचले असेल तर त्यावरही उपचार घ्यावेत. दुखणे खरे असले तरी मन खचते, आणि मन खचले की दुखणे वाढते. दोहोंवर इलाज करण्यात लाज कसली? मनाच्या डॉक्टराकडे पाठविले म्हणजे दुखणे खोटे ठरविले, असे समजू नये.

पाचवा धडा औषधांचा. ह्या आजारात अॅमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन, प्रिगॅबलीन अशी काही औषधे डॉक्टर देतात. ती काहींना बरीच, काहींना थोडी उपयोगी पडतात, काहींना नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. सूज उतरविणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही, कारण उतरवायला सूजच नसते. रोज खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड मात्र बिघडते. स्टेरॉइडचा ह्या आजारात उपयोग नाही. बाजाराच्या दिवशी पुडीत बांधून मिळणारी ‘वाताची पावडर’ खाऊन दोन दिवसांत उड्या मारू लागलात, तर तिच्यात काय मिसळले असेल ह्याचा विचार करा. सहा महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

आणि हेही सांगितले पाहिजे की सर्वांगाचे प्रत्येक दुखणे फायब्रोमायाल्जिया नव्हे. थायरॉईड कमी असणे, रक्त कमी असणे, ड जीवनसत्त्वाची उणीव, खरा संधिवात ह्यांतही अंग दुखते. सांधा सुजला, सकाळचा आखडलेपणा तासभर सुटत नाही, ताप येतो, वजन घटते, हातापायातली शक्ती जाते, लघवीवरचा ताबा सुटतो, असे काही असेल तर वर्गात बसू नये, तडक दवाखाना गाठावा. आधी तपासणी, मग नाव, मग शिक्षण, हा क्रम मोडू नये.

हे पाच धडे ऐकून घरी गेले की माणूस सगळेच एकदम करू पाहतो आणि आठवड्यात सगळेच सोडतो. म्हणून लॉरिगबाईंच्या वर्गात दर आठवड्याला एकच लहान करार करायचा असतो. काय करणार, किती, केव्हा, आठवड्यातून किती दिवस. उदाहरणार्थ, ‘ह्या आठवड्यात चार दिवस, शेवटच्या घरचे काम संपल्यावर, घरी जाताना दहा मिनिटे सावकाश चालेन.’ मग स्वतःला विचारायचे, दहापैकी किती खात्री वाटते? सातापेक्षा कमी असेल तर करार मोठा आहे, लहान करा. पुढच्या आठवड्यात सगळ्यांपुढे सांगायचे, जमले की नाही. जमले नाही तर कोणी रागवायचे नाही; अडचण काय आली ते सांगायचे आणि बाकीच्यांनी उपाय सुचवायचे. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ही रीत नवीन नाही. मोठी मागणी एकदम पुरी होत नाही, म्हणून तिचे तुकडे करावे लागतात.

येथवर रुग्णाने काय करावे ते सांगितले. आता दुसरी बाजू सांगितल्यावाचून आम्ही खाली बसलो, तर आम्ही आमच्या धंद्याशी बेइमान ठरू.

‘स्वतःचे दुखणे स्वतः सांभाळा’ हे वाक्य दुधारी आहे. त्याचा अर्थ ‘तुझ्या हातात शक्ती आहे’ असा होतो, तसाच ‘तुझे तू बघ, आम्हांला त्रास देऊ नको’ असाही होतो. पहिला अर्थ शिक्षणाचा, दुसरा अंग झटकण्याचा. बाईने अर्ध्या तासाने पाच मिनिटे बसावे असे वर्गात शिकविले. पण ती कोणाच्या घरी बसणार? बसली तर ‘पैसे कशाचे देतो?’ असे ऐकावे लागणार. तेव्हा औषधाची अर्धी चिठ्ठी रुग्णाच्या नावाने असेल, तर उरलेली अर्धी आपल्या सर्वांच्या नावाने आहे.

हा प्रश्न जुनाच आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती दिलीच पाहिजे, असे घातले होते. हे कायदे करणाऱ्यांना फायब्रोमायाल्जिया हा शब्द ठाऊक नव्हता. पण अंग किती वेळ राबले म्हणजे मोडते, हे ठाऊक होते. घरकाम करणाऱ्या बाईसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तिची भरपगारी साप्ताहिक सुट्टी अजून मालकिणीच्या मनावर आहे.

ह्या सभागृहात गंगापूर रोडची पुष्कळ घरे बसलेली आहेत. त्यांना आमची विनंती अगदी लहान आहे. फरशी पुसायला लांब दांड्याचे पुसणे ठेवा, म्हणजे उकिडवे बसून सरकावे लागत नाही. करपलेले पातेले रात्रीच पाणी घालून भिजवा. भांडी खाली मोरीत न ठेवता ओट्यावरच्या सिंकमध्ये ठेवा. मोरीतच घासायची असतील तर एक बुटके स्टूल द्या. थंडीत, आणि नाशिकची थंडी आपल्याला माहीत आहे, भांड्यांना कोमट पाणी द्या. चहा देता, तो बसून पिऊ द्या. महिन्यातून चार सुट्ट्या पगार न कापता द्या. आणि एखादे दिवशी ती म्हणाली, ‘ताई, आज अंग उचलत नाही,’ तर ‘रोजचंच आहे’ असे म्हणू नका. जगभरच्या वेदनाशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्याबरोबर हेही लिहिले की माणूस दुखते म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. शास्त्रज्ञांनी हे लिहिण्याची वेळ आली, ह्यावरून तो मान किती ठिकाणी राखला जात नव्हता ते कळते.

घरच्या पुरुषांनाही एक शब्द. बायकोचे दुखणे दिसत नाही म्हणून ते नाही, असे म्हणणारा माणूस स्वतःच्या डोकेदुखीचा एक्स-रे कोणाला दाखवितो? पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, आठवड्याचा बाजार, ह्यांतले एखादे काम उचला. ‘कशी आहेस?’ एवढे विचारण्यापेक्षा ‘पाणी कुठवर आलंय?’ असे विचारलेत, तर तिला उत्तर देणेही सोपे जाईल.

आता शेवटची सूचना. गंगापूर रोडवर शाळा-महाविद्यालये आहेत, वाचनालये आहेत, मंगल कार्यालये आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. ह्याच रस्त्याच्या टोकाला, धरणाजवळ, १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. शाळा सुटलेल्या माणसाने घरी बसून शिकावे, हे त्याचे तत्त्व. शहराच्या दुसऱ्या बाजूला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. ज्या गावात मुक्त शिक्षणाचे आणि आरोग्याचे अशी दोन्ही विद्यापीठे आहेत, त्या गावात दुखणेकऱ्यांचा एक वर्ग चालू नये, ही शोभणारी गोष्ट नाही. आमची सूचना अशी: सहा आठवडे, दर आठवड्याला दोन तास, दुपारी दोन ते चार, कारण सकाळची कामे तेव्हा संपलेली असतात आणि संध्याकाळची सुरू झालेली नसतात. बारा ते पंधरा जणी. त्यांत मालकीणही असावी आणि मोलकरीणही. दुखणे दोघींचे एकच आहे, एकमेकींना सांगायला निमित्त पाहिजे. पहिल्या बैठकीला एखाद्या डॉक्टरांनी यावे, तपासण्या झाल्या आहेत ना ते पाहावे आणि शंका फेडाव्यात. पुढच्या बैठका ज्यांचे दुखते त्यांनीच चालवाव्यात. खर्च सतरंजी आणि चहाचा. युनियनच्या वतीने सतरंजीची जबाबदारी आम्ही घेतो; जागा आणि डॉक्टर आपण द्यावेत.

दरवर्षी १२ मे हा दिवस फायब्रोमायाल्जियाविषयी जाणीव वाढविण्याचा दिवस म्हणून पाळतात. परिचर्येच्या क्षेत्रात नाव कमावलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा तो जन्मदिवस. मे महिना कामगार दिनाने उघडतो, हेही आम्हांला सोयीचे आहे. वर्ग त्या सुमारास सुरू करता आला तर पाऊस पडेपर्यंत पहिले सहा आठवडे होऊन जातील.

दुखणे पूर्ण जाईल, असे वचन ह्या वर्गात कोणाला द्यायचे नाही. जे वचन पाळता येत नाही ते देऊ नये, हे आम्ही वाटाघाटीत शिकलो. पण चारऐवजी सहा दिवस कामाला जाता येणे, रात्री एक झोप सलग लागणे, पावडरच्या पुडीचे पैसे वाचणे, आणि आपल्याला झाले आहे त्याचे नाव माहीत असणे, एवढे मिळण्यासारखे आहे. ती पिशवी घेऊन आलेल्या भगिनीसारख्या ज्या कोणी येथे बसल्या असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाजवळ येऊन नाव द्यावे. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनीही यावे. वही आणि पेन्सिल आम्ही बरोबर आणली आहे.